आपली ओळख करून द्या



वसंतातल्या व्याख्यानांना येणारा श्रोता काही मोठा विषय ऐकण्याच्या अपेक्षेने येतो. मी आज जो विषय घेऊन आलो आहे तो मात्र अवघ्या एका वाक्याचा आहे. नोकरीच्या मुलाखतीसाठी उमेदवार आत जातो, नमस्कार करतो, खुर्चीवर बसतो आणि समोरून पहिले वाक्य येते, "हं, आपली ओळख करून द्या." या वाक्याला उत्तर कसे द्यावे, एवढेच मला सांगायचे आहे. विषय लहान खरा. पण या सभामंडपात असे घर क्वचितच असेल, की ज्या घरातला कोणी ना कोणी येत्या चारपाच वर्षांत त्या खुर्चीवर बसणार नाही. आणि इतके दिवस राबून केलेला अभ्यास त्या पहिल्या दोन मिनिटांत वाया जाताना मी पाहिलेला आहे. म्हणून हा विषय मला लहान वाटत नाही.

पट्ट्या करणारी मुलगी

आधी एक हकीकत सांगतो. काही वर्षांपूर्वी एका संस्थेत हिशेबनिसाची एक जागा भरावयाची होती. मुलाखत घेणारे आम्ही तिघे होतो. एक मुलगी आत आली. बी. कॉम. झालेली, गुण मध्यम, पोशाख साधा. "ओळख करून द्या" म्हणताच तिने एका दमात सांगितले, की माझे नाव अमुक, वडिलांचे नाव अमुक, आम्ही घरात पाच माणसे आहोत, मी मेहनती आणि प्रामाणिक आहे, वाचन व संगीत हे माझे छंद आहेत. एवढे बोलून ती थांबली. आमच्यापैकी एकाने साहजिकच विचारले, "अलीकडे काय वाचलंत?" ती गप्प. पुढचे प्रश्न जुजबी झाले, उत्तरेही तशीच झाली. आम्ही आपापल्या कागदावर गुण मांडले.

ती उठून दारापर्यंत गेली तेव्हा आमच्यातले वडीलधारे सभासद सहज म्हणाले, "संध्याकाळी काय करता हो घरी?" ती म्हणाली, "संध्याकाळी घरी नसते सर. मार्केटात असते. वडील एका अडत्याकडे दिवाणजी आहेत. त्यांची नजर कमी झाल्यापासून शेतकऱ्यांच्या पट्ट्या मीच करते."

बाजार समितीत ज्यांचा माल जातो त्यांना पट्टी म्हणजे काय हे सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. शेतकऱ्याचा माल किती आला, कोणत्या भावाने गेला, त्यातून हमाली, तोलाई, गाडीभाडे किती वजा झाले आणि हातात रोख किती पडले, याचा तो कागद. ही मुलगी अशा पन्नाससाठ पट्ट्या रोज रात्री करीत होती, सकाळी दुकानाचा रोजमेळ लावून मग कॉलेजात जात होती, आणि हे तीन वर्षे चालले होते. आम्हाला जे माणूस हवे होते ते हेच! पण ही गोष्ट तिने सांगितली नाही. का सांगितली नाही, असे विचारल्यावर ती म्हणाली, "ते काय सांगायचं सर, ते तर घरचं काम."

गुण मांडून झाले होते. बाहेर आणखी अकरा उमेदवार ताटकळत होते. आम्ही कागद पुन्हा हाती घेतले नाहीत, आणि तिची निवड झाली नाही. तिची चूक एक होती, आमच्या चुका दोन होत्या. त्या तिन्ही चुकांविषयी मी आज बोलणार आहे.

दोन प्रकारच्या ओळखी

आपल्याकडे ओळख म्हणजे काय, ते एस. टी. स्टँडवर कळते. शेजारी बसलेला गृहस्थ विचारतो, "आपण कुठले? कोणाचे? तिकडचे अमुक तुमचे कोण?" तिसऱ्या प्रश्नापर्यंत कुठला तरी समाईक पाहुणा निघतोच आणि मग चहा येतो. ही रीत वाईट आहे असे मी म्हणत नाही. परगावी रात्र काढण्याची वेळ आलेल्या कितीतरी माणसांना तिने आसरा दिला आहे. या ओळखीत माणसाच्या पाठीमागे कोण आहे ते पाहतात. आपले नावच तसे आहे. आपले, मग वडिलांचे, मग आडनाव. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत त्यात आईचेही नाव आले, हे योग्यच झाले. तरीही नाव सांगते ते आपण कोणाचे एवढेच.

मुलाखतीत मागितलेली ओळख निराळी. तिथे पाठीमागे कोण आहे हे विचारलेले नसते. हातात काय आहे हे विचारलेले असते. तुम्ही काय शिकलात, काय केलेत, आणि आमच्या या कामाला त्याचा काय उपयोग, एवढेच त्या प्रश्नाच्या पोटात असते. घरातून शिकून आलेली पहिली ओळख दुसऱ्या ठिकाणी देणे, ही बहुतेक उमेदवारांची चूक आहे. यात त्यांचा दोष थोडा. त्यांना हा फरक कोणी समजावून दिलेला नसतो.

आणि पहिल्या प्रकारच्या ओळखीला मुलाखतीत एक धोकाही आहे. आडनाव आणि गाव ऐकून आपल्या समाजात माणसे मनातल्या मनात काय हिशेब करतात, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी याची चाचणीच घेतली. इंग्रजी वृत्तपत्रांतल्या खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी ६६ आठवडे अर्ज पाठविले. पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, सवर्ण हिंदू वाटणाऱ्या नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याचा संभव सुमारे दोनतृतीयांश होता आणि मुस्लिम नावाच्या अर्जाला सुमारे एकतृतीयांश. म्हणजे माणूस खुर्चीवर बसण्यापूर्वीच त्याच्या नावाने त्याची ओळख करून दिलेली असते. नाव लपवावे असे मी कदापि सांगणार नाही. नाव ताठ मानेने सांगावे. पण ते एका वाक्यात सांगून लगेच आपल्या कामाकडे वळावे, म्हणजे समोरच्याच्या मनालाही वळावे लागते.

एक जुना अर्ज

स्वतःची ओळख कशी करून द्यावी याचे एक जुने उदाहरण इटलीतले आहे. १४८२ च्या सुमारास लिओनार्दो दा विंचीने मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याच्याकडे कामासाठी केलेल्या अर्जाचा मसुदा आजही मिलानमध्ये जपून ठेवलेला आहे. त्या वेळी लिओनार्दो तिशीचा होता आणि फ्लॉरेन्समध्ये चित्रकार म्हणून त्याचे नाव होऊ लागले होते. कोणालाही वाटेल, की अर्जात चित्रकलेचे वर्णन आधी येईल. तसे नाही. पहिल्या कलमापासून तो सांगतो, की मला हलके, सहज उचलून नेता येणारे पूल बांधता येतात, वेढ्याच्या वेळी खंदकातले पाणी काढून टाकता येते, आवाज न करता भुयारे खणता येतात, तोफा व झाकलेले रणगाडे करता येतात. अशी दहाएक कलमे होतात. मग शांततेच्या काळात इमारती बांधता येतील असे तो म्हणतो, आणि शिल्प व चित्रकला अगदी शेवटी येतात. कारण उघड आहे. मिलानच्या दरबाराला त्या वेळी लढायांची काळजी होती.

या अर्जातून दोन गोष्टी घ्याव्यात आणि एक सोडावी. घ्यावयाची पहिली गोष्ट ही, की ऐकणाऱ्याची गरज ज्या बाजूला आहे ती बाजू त्याने पुढे केली. दुसरी, की शेवटी त्याने सांगितले, यातले काही अशक्य वाटत असेल तर आपण म्हणाल तिथे करून दाखवितो. सोडावयाची गोष्ट अशी, की त्यातली पुष्कळशी यंत्रे तोपर्यंत त्याने प्रत्यक्ष केलेली नव्हती. ती त्याच्या डोक्यात होती. लिओनार्दोचे ते खपले. आपण मात्र केलेले तेवढेच सांगावे. मुलाखतीतला दुसरा प्रश्न पहिल्या उत्तराच्या पायाखालची जमीन तपासतो, हे विसरू नये.

ओळखीचे चार भाग

आता प्रत्यक्ष कृतीकडे येऊ. मुलाखतीतली ओळख मिनिटभराची, फार तर दीड मिनिटाची असावी. त्याहून लांबली की ऐकणारा तुमच्या अर्जाचे कागद चाळू लागतो. या वेळात चार गोष्टी बसवावयाच्या.

पहिली गोष्ट नाव आणि गाव, एका वाक्यात. भावंडे किती, मामा कोठे असतात, हे विचारल्याशिवाय सांगू नये.

दुसरी गोष्ट शिक्षण. पण सगळे नव्हे. दहावीपासूनचे सगळे टक्के अर्जात लिहिलेले असतात आणि अर्ज समोर पडलेला असतो. या जागेशी ज्याचा संबंध आहे तेवढेच शिक्षण सांगावे, आणि त्यातले काय मनापासून आवडले ते एका शब्दात.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. स्वतः केलेले एक काम. एकच, पण त्यात कोठे, किती दिवस, किती, हे आकडे असावेत. "मी मेहनती आहे" हे वाक्य आळशी माणूसही म्हणू शकतो. "मी तीन वर्षे रोज पन्नाससाठ पट्ट्या करते" हे वाक्य त्या मुलीशिवाय कोणालाही म्हणता येणार नाही.

चौथी गोष्ट, इथेच अर्ज का केला. "आपली संस्था नामवंत आहे" हे कारण नव्हे. जाहिरात नीट वाचावी, संस्थेचे काम काय चालते ते दोन माणसांना विचारावे, आणि आपले काम व त्यांचे काम यांचा सांधा कोठे जुळतो ते सांगावे. त्यासोबत आपल्याला काय अजून येत नाही, हेही एका वाक्यात सांगितले तर बिघडत नाही. उलट आधीच्या वाक्यांना वजन येते.

त्या मुलीने असे बोलायला हवे होते, पाहा:

"माझं नाव अमुक. मी याच गावची. यंदा बी. कॉम. झाले, हिशेब तपासणी हा माझा आवडीचा विषय. गेली तीन वर्षं मी संध्याकाळी मार्केटात एका अडत दुकानाच्या पट्ट्या करते, रोजच्या पन्नाससाठ. सकाळी रोजमेळ लावते आणि मग कॉलेजला जाते. पहिलं वर्षभर सगळं हातानं लिहिलं, नंतर तेच काम संगणकावर घेतलं. तुमच्याकडे रोज रोखीचा भरणा मोठा असतो असं ऐकलं. रोजचा मेळ रोज लावायची मला सवय आहे, म्हणून अर्ज केला. जीएसटीचं काम मी अजून केलेलं नाही, ते शिकावं लागेल."

हे सगळे बोलायला मिनिटाहून कमी वेळ लागतो. यात एकही अवघड शब्द नाही, एकही बढाई नाही. आणि याची खरी खुबी पुढे आहे. ओळख म्हणजे आपण होऊन दिलेली प्रश्नपत्रिका होय. तुम्ही जे बोलता त्यातूनच पुढचा प्रश्न निघतो. "वाचन हा छंद" म्हटले की "काय वाचलंत?" हा प्रश्न आलाच. "रोजमेळ लावते" म्हटले की प्रश्न येतो, "मेळ लागला नाही तर काय करता?" या प्रश्नाचे उत्तर तिला कोणत्याही पुस्तकातून पाठ करावे लागले नसते, ती ते दर आठवड्याला करीतच होती. म्हणून नियम असा, की ज्यावर पुढचे तीन प्रश्न विचारले तरी चालतील तेच ओळखीत घालावे.

पाठ करावे की करू नये?

पुष्कळ उमेदवार ओळख पाठ करतात. लग्नात नाव घ्यायला सांगितले, की नवी नवरी पाठ केलेला उखाणा भरभर म्हणून टाकते. तो गोड वाटतो, कारण तिथे कोणी उपप्रश्न विचारीत नाही. मुलाखतीत मात्र मधला एक शब्द विसरला की उमेदवार पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो, आणि समोरच्यांना हे पाठांतर आहे हे कळून चुकते. म्हणून वाक्ये पाठ करू नयेत; चार मुद्दे लक्षात ठेवावेत. घरात कोणाला तरी समोर बसवून तीन वेळा बोलावे आणि दर वेळी शब्द निराळे वापरावेत. आता खिशात फोन असतोच. त्यावर स्वतःचे बोलणे घेऊन एकदा ऐकावे. आपण वाक्याचा शेवट गिळतो, किंवा दर वाक्याला "म्हणजे, म्हणजे" करतो, हे दुसऱ्याने सांगितले तर राग येतो. स्वतःच्या कानांनी ऐकले तर सुधारते. मुलाखत घरूनच पडद्यासमोर असली तरी हे सारे तसेच लागू आहे. फक्त बोलताना कॅमेऱ्याकडे पाहावे. पडद्यावरच्या आपल्याच चेहऱ्याकडे पाहत बसू नये.

भाषेविषयी एक शब्द. मराठी माध्यमातून शिकलेली मुले "माझे इंग्रजी कच्चे आहे, माफ करा" या वाक्याने ओळखीला आरंभ करतात. घरात पाय ठेवण्यापूर्वीच उंबऱ्यावर अडखळावे तसे हे होते. केंद्रीय लोकसेवा आयोगाची मुख्य परीक्षा मराठीतून देणाऱ्याला तिथली मुलाखतही मराठीतून देता येते, मग आपण संकोच का करावा? जिथे इंग्रजीच लागते तिथे लहान वाक्ये बोलावीत. लहान वाक्यांत चुका कमी होतात आणि ती समजतातही लवकर.

ज्यांना कामाचा काहीच अनुभव नाही ते विचारतील, आम्ही तिसऱ्या भागात काय सांगावे? गणेशमंडळाचा जमाखर्च तुम्ही लिहिला असेल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात ऐंशी माणसांच्या जेवणाचा शिधा तुम्ही आणला असेल. दुकानावर बसला असाल, शेतात ठिबकच्या नळ्या जोडल्या असतील. यात कमीपणा काय आहे? आणि मध्ये दोन वर्षे गेली असतील, आईच्या आजारपणात घरी राहावे लागले असेल, तर तेही एका सरळ वाक्यात सांगावे. झाकलेली गोष्ट विचारली गेली की माणूस गोंधळतो. सांगितलेली गोष्ट तिथेच संपते.

टेबलाच्या पलीकडचे

आता आमच्या दोन चुकांकडे येतो, कारण या सभेत उमेदवारांचे आईबाप आहेत तसे संस्थांचे चालक, दुकानदार, कारखानदारही आहेत.

आमची पहिली चूक ही, की आम्ही मुलाखत ओळखीवर सोडून दिली. तिने वाचन म्हटले, म्हणून आम्ही वाचन विचारले. पुढच्याने क्रिकेट म्हटले असते तर क्रिकेट विचारले असते. मग दोघांची तुलना कशाने करावयाची? श्मिट व हंटर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली पंच्याऐंशी वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. त्यात असे दिसले, की सर्वांना तेच प्रश्न आधी ठरवून विचारलेली मुलाखत पुढचे काम कसे होईल हे मोकळ्या गप्पांपेक्षा अधिक चांगले सांगते. २०२२ साली सॅकेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते आकडे पुन्हा तपासले. पुष्कळ आकडे खाली आले, पण ठरीव प्रश्नांची मुलाखत सर्वांत वर राहिली. "या कामासारखे कोणते काम तुम्ही पूर्वी केले आहे?" हा एक प्रश्न आम्ही सर्वांना विचारला असता तर त्या मुलीला दारात उभे राहून ते सांगावे लागले नसते.

दुसरी चूक घाईची. श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशाचा एक खटला सर्वोच्च न्यायालयापुढे गेला होता. तिथे लेखी परीक्षेला १०० गुण आणि तोंडी मुलाखतीला ५० गुण होते, आणि मुलाखत दोनतीन मिनिटांत उरकली जात होती. प्रश्न होते ते वडील कोण, राहता कुठे, अशा तऱ्हेचे. नोव्हेंबर १९८० मध्ये न्यायालयाने सांगितले, की प्रवेशासाठी शेकडा १५ हून अधिक गुण मुलाखतीला ठेवणे हे मनमानीचे होईल. नोकरीच्या निवडीला हीच मर्यादा जशीच्या तशी लागत नाही. पण तत्त्व ध्यानात ठेवण्यासारखे आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत एकूण २०२५ गुणांपैकी व्यक्तिमत्त्व चाचणीला २७५ आहेत, म्हणजे शेकडा साडेतेरा. केंद्र सरकारने तर १ जानेवारी २०१६ पासून आपल्या खालच्या श्रेणीतल्या, अराजपत्रित जागांसाठी मुलाखतच काढून टाकली, कारण तिथे वशिल्याला वाव राहत होता. जिथे मुलाखत ठेवावयाची तिथे ती माणसाला बोलते करण्यासाठी ठेवावी आणि निदान एवढे करावे, की उमेदवार दाराबाहेर जाईपर्यंत गुण मांडू नयेत.

तरुणांना एकच काम सांगून थांबतो. आज घरी गेल्यावर एका कागदावर गेल्या वर्षभरात स्वतः केलेली पाच कामे लिहा. पगार मिळालेली आणि न मिळालेली, दोन्ही. प्रत्येकापुढे किती आणि किती दिवस हे आकडे मांडा. ज्या कामापुढे "हे काय सांगायचं" असे तुमच्या मनात येईल, त्या कामाखाली रेघ मारा आणि आईवडिलांना ते वाचून दाखवा. पुष्कळदा तेच सांगण्यासारखे असते.